'थेत्ता रेद्दास्त'ला मराठीत काय म्हणाल? (आइसलँडी तिरकसपणा आणि आपण)

शेपूची_भाजी

नमस्कार मंडळी. गेली सव्वातीन वर्षं आम्ही आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये आहोत. बरेच दिवस डोक्यात असलेला एक प्रश्न विचारते, पण आधी प्रसंग सांगते.

इथे प्रत्येक वस्तीत उघड्यावरचा पोहण्याचा तलाव असतो आणि त्याच्या कडेला गरम पाण्याची गोल कुंडं. त्याला 'हेइतुर पोत्तुर' म्हणतात. आपल्याकडे पारावर, न्हाव्याच्या दुकानात आणि लोकलच्या डब्यात मिळून जे काम चालतं, ते सगळं इथे या कुंडात चालतं. मान वर, बाकी अंग चाळीस अंशांच्या पाण्यात, ओल्या केसांवर बर्फाचे बारीक दाणे टपटपतायत, आणि चर्चा सरकारच्या मासेमारी कराची.

ऑक्टोबर 2025 मध्ये इथे पहिल्यांदाच डास सापडले. क्योस नावाच्या भागात, मोजून तीन. तोवर डास नसलेल्या जागा म्हणजे आइसलँड आणि अंटार्क्टिका, असं सगळे अभिमानाने सांगायचे. बातमी आली त्या संध्याकाळी कुंडात एक आजोबा होते, बोटीवर इंजिनियर म्हणून उभं आयुष्य काढलेले. (आजोबा मी मनातल्या मनात म्हणते. इथे काका-मामा नाही, अहो-जाहो नाही. आदरार्थी सर्वनाम होतं ते वापरातून गेलं. राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक.) चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ते म्हणाले, "दोन माद्या, एक नर. म्हणजे आपलीही सुरुवात साधारण अशीच झाली होती." मग थोडं थांबून, "थेत्ता रेद्दास्त."

हा इथला राष्ट्रीय मंत्र. शब्दशः अर्थ, हे मार्गी लागेल. ज्वालामुखी फुटला, थेत्ता रेद्दास्त. सरकार पडलं, थेत्ता रेद्दास्त. माझ्या नवऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्स अडकलं, तेव्हा खिडकीपलीकडची बाईसुद्धा तेच म्हणाली आणि खिडकी बंद करून जेवायला गेली.

तर प्रश्न असा, की याला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि प्रत्येक बातमीकडे हे असं गालातल्या गालात हसत बघणं, हा शहाणपणा म्हणायचा की अंग काढून घेणं?

चालतंय_की_पाटील

चालतंय की.

धागा संपला. कुलूप लावा.

वाईचा_वड

पाटील +१. पण 'चालतंय की'मध्ये आत्ता चाललंय असा भाव आहे. आजोबांच्या बोलण्यात पुढचं आहे.

अवांतर: तिथे आलं मिळतं का? चहाचं काय करता? आणि तीन डासांसाठी एक कासव छाप पाठवू का, की वेटोळं अर्धं तोडून देऊ?

शेपूची_भाजी

@वाईचा_वड, आलं मिळतं, भाव विचारू नका. डास थंडीत तग धरणाऱ्या जातीचे आहेत म्हणतात. एका कीटकप्रेमी गृहस्थांनी पतंग पकडायला रेड वाइनमध्ये भिजवलेली दोरी लावली होती, तिथे सापडले. आजोबांचं म्हणणं, "आल्या आल्या दारू शोधली म्हणजे नागरिकत्व द्यायला हरकत नाही."

बाराखडी

शब्दांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

ही मंडळी परका शब्द जसाच्या तसा आत घेत नाहीत. नवी वस्तू आली की जुन्या पेटाऱ्यातून एखादा शब्द काढून झटकून देतात. संगणकाला 'तोल्वा'. 'ताला' म्हणजे संख्या आणि 'वोल्वा' म्हणजे भविष्य सांगणारी जोगतीण, यांची ती सांधेजोड. म्हणजे आकडे सांगणारी भगतीण! रोज सकाळी ऑफिसात जाऊन जोगतीण चालू करायची आणि ती म्हणणार, थांब, अपडेट चाललंय.

टेलिफोनला 'सिमी'. हा जुन्या भाषेतला धाग्याचा शब्द, पार विसरलेला. स्क्रीनला 'स्क्याउर', म्हणजे पूर्वी मातीच्या घरांना प्राण्याचं पातळ कातडं ताणून जी खिडकी करत, ती. विजेला 'राफमाग्न', अंबर या पिवळ्या खड्याची ताकद.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, 'गेर्विग्रेइंद'. यातलं 'गेर्वि' म्हणजे बनावट, नकली. कवळीला 'गेर्वितेन्नुर' म्हणतात, नकली दात. त्यामुळे एआयचं नाव ऐकलं की त्यांच्या कानाला बहुधा रात्री पेल्यात काढून ठेवायची वस्तू ऐकू येत असावी. आपण 'कृत्रिम प्रज्ञा' म्हणून उगाच भारदस्त करून ठेवलंय.

आपल्याकडेही सावरकरांनी दिलेले महापौर, दिनांक हे शब्द रुजले, पण त्याच पंगतीतले कितीतरी उष्टे पडून राहिले. फरक असा की चार लाखांच्या आतल्या या लोकांना शब्द बनवणं हा जीवनमरणाचा प्रश्न वाटतो. मार्च 2023 मध्ये जीपीटी-4 आलं तेव्हा आइसलँडचं सरकार ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीशी हातमिळवणी करून, आमची भाषा यंत्राला शिकवा म्हणून हजर होतं. आपण दहा-बारा कोटी, म्हणून बिनधास्त.

जुनाट_मोडेम

बाराखडींचा प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

तंत्रज्ञानावरून आठवलं. 2016 मध्ये एक अमेरिकन पाहुणा केफ्लाविक विमानतळावर उतरला. हॉटेल रेक्याविकच्या 'लोयगावेगुर' रस्त्यावर, पाऊण तासाचं अंतर. बुकिंगच्या कागदावर नावात एक 'र' जादा पडलेला. गडी इमानेइतबारे जीपीएस सांगेल तसा गेला, पाचेक तास, बर्फातून, थेट उत्तर टोकाला सिग्लुफ्योर्दुर नावाच्या मासेमारी गावात. तिथे त्या जादा 'र'वाला रस्ता खरोखरच होता! गावाने त्याला हाताच्या फोडासारखं जपलं, पेपरात छापलं आणि तो तिथेच मुक्काम करून राहिला.

आणि याच देशात त्याच वर्षी एक पत्र आलं. त्यावर पत्ता नाही, हाताने काढलेला नकाशा. गावाचं नाव आणि खाली, अमुक जोडपं, तीन मुलं, घोडे आणि पुष्कळ मेंढ्या. पोहोचलं. म्हणजे उपग्रहाने चुकवलं आणि पोस्टमनने बरोबर नेलं. आमच्या पेठेतही 'मोडक्या पाणपोईसमोर' एवढ्यावर मनीऑर्डर यायची, पण हल्लीचा डिलिव्हरीवाला मुलगा पाणपोईसमोर उभा राहून लोकेशन मागतो.

त्यांच्या पर्यटन खात्याचा व्रात्यपणा तर विचारू नका. 2021 मध्ये झुकरबर्गने मेटाव्हर्सची, म्हणजे आभासी जगाची, घोषणा केल्यावर दोन आठवड्यांत यांची 'आइसलँडव्हर्स'ची चित्रफीत. तसाच भांग, तसाच स्वर, तसेच हात हलवणं, आणि विकतोय काय तर खरं पाणी, खरे दगड, खरं शेवाळ. पुढच्या वर्षी सुट्टीवर असताना तुमच्या ईमेलला उत्तर द्यायला घोडे. भलामोठा कीबोर्ड जमिनीवर मांडला आणि त्यावर घोडे चालवले. उत्तरं अगम्य यायची. आमच्या एचआरपेक्षा फार वेगळी नव्हती.

ताम्हाणे_काकू

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! घोड्याला माझाही ईमेल द्या.

खवट_खोबरं

सगळ्यांना गोड लागलंय तर थोडं खवट घालतो.

मी 2007 ते 2010 तिथे होतो. हा तिरकसपणा बाहेरून बघायला गोड, आतून तो कशावर घातलेलं पांघरूण आहे ते मी पाहिलंय. ऑक्टोबर 2008. दीड आठवड्यात तीन मोठ्या बँका कोसळल्या. 6 तारखेला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि भाषणाच्या शेवटी म्हणाले, देव आइसलँडचं रक्षण करो. ज्या देशातले पुढारी देवाचं नाव भाषणात सहसा काढत नाहीत, तिथे. आमच्या कँटीनमध्ये लोक हातात चमचा तसाच धरून बसले होते. माझ्या शेजाऱ्याने मोटारीचं कर्ज परकीय चलनात घेतलं होतं, व्याज कमी म्हणून. क्रोना, म्हणजे तिथलं चलन, घसरला आणि मोटारीच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं झालं. तो 'थेत्ता रेद्दास्त' म्हणाला नाही. नॉर्वेला गेला, कामाला.

त्यात ब्रिटनने बँकेची मालमत्ता गोठवायला दहशतवादविरोधी कायदा वापरला. यादीत अल कायदाच्या शेजारी एक आइसलँडी बँक! मग लोकांनी लोकरीचे स्वेटर घातलेल्या पोराबाळांचे फोटो टाकले, 'मी दहशतवादी दिसतो का?' अशी पाटी धरून. तुम्हाला यात विनोद दिसेल. मला तेव्हा दुसरं हत्यार नसलेला माणूस दिसला. जानेवारी 2009 मध्ये तेच लोक पातेली आणि झारे घेऊन संसदेसमोर उभे होते, आणि सरकार गेलं. कुंडात बसून गेलं नाही, पातेली बडवून गेलं.

तेव्हा रेद्दास्तचं कौतुक जरा बेतानं.

चालतंय_की_पाटील

खवटराव, मुद्दा बरोबर. पण 2010 चा तो विनोदही त्याच लोकांचा ना? ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं बसवली तेव्हाचा, बुडालेल्या बँकांचे पैसे परत मागणाऱ्यांना उद्देशून. 'तुम्ही कॅश मागितली, पण आमच्या वर्णमालेत सी हे अक्षरच नाही, म्हणून ॲश पाठवली.' दिवाळखोरीनंतर दीड वर्षात असं सुचायला आतडं पीळदार पाहिजे.

त्या ज्वालामुखीचं नाव मी कॉलेजात एका पैजेसाठी पाठ केलं होतं. एयाफ्यात्लायोकुत्ल. मिसळ जिंकलो होतो.

मतदान_केंद्र_७

बाराखडींनी 'महापौर' शब्द काढलाच आहे तर रेक्याविकच्या महापौराचं कोणीच कसं काढलं नाही?

योन ग्नार. पेशाने विनोदी नट. बँका बुडाल्यावर त्याने 'बेस्ट पार्टी' काढली, म्हणजे उत्तम पक्ष, इतरांनी स्वतःला काय म्हणायचं ते म्हणावं. आश्वासनं काय, तर तलावांवर फुकट टॉवेल, प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वल, आणि निवडून आल्यावर सगळी आश्वासनं मोडण्याचं आश्वासन. 2010 मध्ये 15 पैकी 6 जागा आल्या आणि गडी चार वर्षं महापौर! गंमत पुढे आहे. शहराची वीज-पाणी कंपनी कर्जात बुडालेली होती. या विदूषकाने दर वाढवले, माणसं कमी केली, कंपनी वाचवली, आणि 2014 मध्ये पुन्हा उभा न राहता घरी गेला. जी कडू गोळी गंभीर चेहऱ्याच्या लोकांना देता आली नाही, ती याने दिली. 2024 ला राष्ट्राध्यक्षपदाला पडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात खासदार झाला. अस्वल काही आलं नाही.

आपल्याकडे आश्वासनं मोडण्याचं काम विनाजाहिरात होतं.

जुनाट_मोडेम

राजकारण आलंच तर माझी सगळ्यात लाडकी बातमी. तिथल्या डेटा सेंटरांमधून बिटकॉइनसाठीचे सहाशेच्या घरात संगणक चोरीला गेले होते. त्यातला एक संशयित एप्रिल 2018 मध्ये खुल्या तुरुंगाच्या खिडकीतून निघाला आणि दुसऱ्याच्या पासपोर्टवर स्वीडनला जाणाऱ्या विमानात बसला. त्याच विमानात पुढे कोण? देशाच्या पंतप्रधान, कात्रिन याकोब्सदोत्तिर. आणि त्या कशाला निघाल्या होत्या? स्टॉकहोमला आपल्या मोदींना भेटायला, भारत-नॉर्डिक परिषद होती. एका विमानात पंतप्रधान आणि फरारी. छोट्या देशात गैरसोय होते ती अशी.

बाराखडी

@मतदान_केंद्र_७, शिवाय फेब्रुवारी 2017. राष्ट्राध्यक्ष गुद्नी योहानेसन एका शाळेत पोरांच्या प्रश्नाला म्हणाले, हातात असतं तर पिझ्झ्यावर अननसाला बंदी घातली असती. जगभर गदारोळ. मग त्यांनी खुलासा काढला की मला अननस आवडतो, फक्त पिझ्झ्यावर नाही, आणि असे कायदे करायचा अधिकार मला नाही हे बरंच आहे. खुलासा असा असावा. नाहीतर आमच्याकडे 'वक्तव्याचा विपर्यास'.

रानमेवा_सावंतवाडी

मी हा धागा वाचायला उशिरा आलंय. भुतांचं कोणीच बोललं नाही?

तिथे 'हुल्दुफोल्क' म्हणून अदृश्य लोक खडकांत राहतात असं मानतात. कोपावोगुर गावात 'आल्फहोत्ल', म्हणजे यक्षांची टेकडी, तिच्यापाशी रस्ता चक्क अरुंद होतो. 2013 मध्ये रेक्याविकजवळ लाव्हाच्या पठारातून रस्ता काढायचा तर लोक आडवे पडले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी 2015 मध्ये यक्षांचं देऊळ मानलेला एक भला थोरला खडक क्रेनने उचलून नीट बाजूला नेऊन ठेवला. आता हे सगळे लोक खरंच मानतात का? माझ्या वाचनात आलं ते असं, की विचारलं तर 'मी मानत नाही, पण खडक कशाला हलवा' म्हणतात.

हे तर आमच्या तळकोकणातलंच झालं. आमच्या वाडीत ट्रान्स्फॉर्मरचा खांब राखणदाराच्या वाटेत येतो म्हणून दोन हात सरकवला. इंजिनियर साहेब पुण्याचे, विज्ञानवादी. हसले. पण नारळ त्यांनीच आणला.

शेपूची_भाजी

रानमेवा, अगदी हेच. माझ्या ऑफिसमधली मुलगी म्हणते, "माझा विश्वास नाही, पण त्यांचा असेल तर?"

@खवट_खोबरं, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक जोडते. माझ्या इमारतीत जिने पुसायला येणाऱ्या पोलिश ताई दहा वर्षं इथे आहेत. त्या म्हणतात, हे लोक विनोद करतात ते कळायला मला पाच वर्षं लागली, आणि त्यातले अर्धे माझ्यावर होते हे कळायला आणखी दोन. म्हणजे आत असल्याशिवाय हसता येत नाही, हेही खरं.

खवट_खोबरं

शेपूताई, हे लिहिलंत ते बरं केलंत.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देतो. रेद्दास्त म्हणजे हातावर हात नव्हे. ग्रिंदाविक गाव बघा. नोव्हेंबर 2023 मध्ये जमीन फाटायला लागली तशी एका रात्रीत सगळी, साडेतीन हजारांच्या वर माणसं बाहेर काढली. डिसेंबरपासून स्फोटामागून स्फोट. मधल्या काळात अजस्र यंत्रं लावून मातीचे बांध घातले, लाव्हा वळवायला. फेब्रुवारी 2024 मध्ये लाव्हाने गरम पाण्याची मोठी वाहिनीच कापली, ऐन थंडीत हजारो घरं गार, आणि लोकांनी रात्रंदिवस खपून नवी टाकली. बचावाला धावणारे सगळे स्वयंसेवक, पगार शून्य. आणि त्यांच्या संघटनेला पैसा कुठून येतो? 31 डिसेंबरच्या रात्रीसाठी फटाके विकून! एरवी काळजीने वागणारा देश त्या रात्री स्वतःचं आभाळ जाळतो, की पुढच्या वर्षी डोंगरात अडकलो तर कोणीतरी यावं.

माझ्या मते तिरकसपणाचं मूळ आकारात आहे. चार लाखांच्या आतली एक चाळ आहे ती. टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या नावाने लागायची, कारण बहुतेकांना आडनाव नाहीच, बापाचं नाव. वंशावळ आंतरजालावर आहे, आणि समोरची व्यक्ती आपल्या नात्यात तर नाही ना हे बघायचं ॲप 2013 मध्ये निघालं. अशा ठिकाणी कोणाशी कडाक्याचं भांडून चालत नाही, उद्या सकाळी तोच माणूस उघडाबंब शेजारच्या शॉवरखाली असणार. म्हणून भांडण टोमण्यात गुंडाळून द्यायचं. आमच्या गिरगावच्या चाळीत सामायिक नळावर हीच भाषा चालायची.

ताम्हाणे_काकू

उघडाबंब म्हणजे??

शेपूची_भाजी

काकू, तलावात उतरण्याआधी साबण लावून संपूर्ण आंघोळ सक्तीची, कपड्यांविना. बायकांचा विभाग वेगळा असतो, घाबरू नका. भिंतीवर माणसाचं चित्र असतं आणि कुठे कुठे घासायचं ते लाल रंगात. पहिल्या दिवशी मी पंजाबी ड्रेससकट परत फिरले होते. आता मीच नव्यांना रागावते.

वाईचा_वड

या धाग्यातून 2012 ची ती बाई राहिली. पर्यटकांच्या बसमधली एक बाई एल्दग्याउ दरीपाशी उतरली, कपडे बदलून परत बसली. कोणी ओळखलंच नाही. एक बाई हरवली म्हणून शोध सुरू, आणि वर्णनातली बाई आपणच हे न कळून ही स्वतःला शोधायला सगळ्यांबरोबर पहाटेपर्यंत फिरली. सापडली शेवटी.

बाराखडी

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर संपादक मंडळ धागा गप्पांच्या पानावर हलवेल.

'रेद्दा' म्हणजे वाचवणे, सोडवणे. त्याला शेवटी 'स्त' लागलं की करणारा गळून पडतो, काम आपोआप होतं. मराठीत ही सोय क्रियापदाच्या पोटातच आहे. सोडवणे-सुटणे, निस्तरणे-निस्तरलं जाणे, निभावणे-निभणे. म्हणून 'चालतंय की' नाही, 'बघू' नाही (त्यात बघणारा उरतो, शिवाय पुण्यात त्याचा अर्थ 'नाही' असा आहे), गोव्याचं 'सुशेगाद' तर नाहीच, ती बसण्याची पद्धत आहे. माझं मत 'निभेल'. कोण निभावणार ते सांगितलेलं नाही, पण निभेल.

चालतंय_की_पाटील

निभेल चालतंय की.

रानमेवा_सावंतवाडी

आमच्याकडे 'होतला'. पण बाराखडींपुढे बोलत नाही.

शेपूची_भाजी

बाराखडी, शब्द पसंत. काल संध्याकाळी आजोबांना सांगायला तलावावर गेले तर वादळाचा नारिंगी इशारा, तलाव बंद. दारात तेच उभे, हातात टॉवेलची पिशवी, बंद काचेतून आत बघत. इथे 'ग्लुग्गावेदुर' असा शब्द आहे, खिडकीतूनच बघायला चांगली हवा. म्हणाले, "आज त्यालाही चांगली नाही."

मी फोनवर रोमन लिपीत लिहून दाखवलं आणि जोर यावा म्हणून शेवटी दोन एल घातले. चूक झाली. इथे दोन एल म्हणजे 'त्ल'. त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं आणि वाऱ्यात टोपी धरून पार्किंगकडे जाता जाता मागे वळून ओरडले, "निभेत्ल!"

ताम्हाणे_काकू

फोटो नाहीत म्हणून निषेध. आणि डासांचं पुढे काय झालं ते कळवा.